कर्णाचा वारसा कोणता?

कवचकुंडले दिल्यानंतरही कर्णाच्या रक्तात सूर्याचे सुप्त सामर्थ्य उरले होते, असा तर्क त्याचे चाहते हिरिरीने मांडतात. आम्हांस तो कर्णावरच अन्याय करणारा वाटतो. घोषयात्रेत अंगावर कवच असतानाही, रथ मोडताच कर्ण विकर्णाच्या रथातून निसटला, हे वनपर्वच सांगते. रंगभूमीवर कृपाचार्यांनी त्याचे कूळ विचारले. भीमाने सूतपुत्राला चाबूकच शोभतो म्हणून हिणवले. योग्यता जन्माने ठरते, हेच त्यांचे गृहीतक. चाहते तेच गृहीतक गौरवाच्या नावाखाली स्वीकारतात. उद्योगपर्वात कृष्णाने जन्मरहस्य सांगून राज्य देऊ केले. कर्णाने राधा-अधिरथांचेच ऋण मानले. हा नकार कोणत्या रक्तातून आला, ते तर्ककर्त्यांनी सांगावे.