चूक एकाची, किंमत दुसऱ्याची

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीत थांबा किंवा कोल्हारला, दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. कारवाला म्हणतो, "हे बाईकवाले कुठूनही घुसतात, डावीकडून ओव्हरटेक करतात, मान वाकडी करून मोबाईलवर बोलतात." बाईकवाला म्हणतो, "कारवाल्याला रस्ता बापाचा वाटतो. समोरून अप्पर मारतो, आम्हाला साइडपट्टीवर ढकलतो." दोघेही खरेच बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

पण दोघेही चुकतात म्हणून दोघांची जबाबदारी सारखी, हे मला मान्य नाही. कारचे वजन साधारण हजार किलो, मोटारसायकलचे सव्वाशेच्या आसपास. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकवतो आणि शाळेबाहेर पडताच विसरतो. दोघांची टक्कर झाली तर कारचा बंपर जातो, बाईकवाल्याचा जीव जातो. मग चूक कुणाचीही असो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७, तर कार, टॅक्सी, व्हॅनमधली २१,०४०. कुणी म्हणेल, दुचाक्याच जास्त आहेत, मग मृत्यूही जास्त होणारच. बरोबर. पण रस्त्यावर ज्यांची संख्या जास्त आणि संरक्षण शून्य, त्यांना आधी सांभाळायचे की आधी हॉर्न मारायचा?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारने मोटारसायकल उडवली. दोन तरुण अभियंते गेले. कार चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर. जामीन देताना अट घातली गेली, तीनशे शब्दांचा निबंध लिही! लोक संतापले, ते योग्यच होते. पण अठरा पूर्ण नसलेल्या पोराच्या हाती गाडीची चावी देणारे बाप फक्त पुण्यातच आहेत का? आपल्या तालुक्याच्या शाळा-कॉलेजांबाहेर उभ्या असलेल्या बाईक कुणी घेऊन दिल्या? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे.

आणि बाईकवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. कारसमोर तुम्ही दुबळे, पण पायी चालणाऱ्यासमोर तुम्हीच दांडगे. त्याच वर्षी ३२,८२५ पादचारी गेले. शिर्डीला पायी निघालेल्या पालखीला खेटून, शाळा सुटल्यावर पोरींच्या घोळक्यातून सुसाट बाईक काढणारा कोण असतो? हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आपण पोलीस दिसला की आरशाला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढवतो आणि मागे बसलेल्या बायकोचे डोके अल्लाच्या हवाली करतो.

ब्रिटनने जानेवारी २०२२ पासून आपल्या वाहतूक नियमावलीत एक तत्त्व घातले आहे. जो जास्त इजा करू शकतो, त्याच्यावर जबाबदारी जास्त. ट्रकने कारला जपावे, कारने बाईकला, बाईकने सायकलला आणि सगळ्यांनी पायी चालणाऱ्याला. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज ती वस्तू दगड-काटा नसून आपली स्वतःचीच गाडी असेल तर?

खड्डे आहेत, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आहेत. त्यांचा जाब सरकारला आणि कारखान्यांना विचारलाच पाहिजे. पण रात्री समोरून बाईक येताना अप्परचा डिप्पर करायला कुणाची मंजुरी लागते? त्याला ना निधी लागतो ना निविदा. कारवाल्यांनी सुरुवात तिथून करावी, बाईकवाल्यांनी मागच्या सीटसाठी दुसरे हेल्मेट घेण्यापासून. तोवर कोण जास्त बेशिस्त हा वाद घालण्याचा हक दोघांनाही नाही.