फासा टाकण्याआधी

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि 'डंजन मास्टर' त्यांच्यासमोर गोष्टीतले जग उभे करतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हापासून अशा खेळांची मोठी परंपरा उभी राहिली आहे. पात्राला कुलूप उघडायचे असो, भिंत चढायची असो की पहारेकऱ्याला थाप मारायची असो, ते जमले का हे फासा ठरवतो. खेळाडू याला 'स्किल चेक' म्हणतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला नियम सोपा आहे: वीस बाजूंचा फासा टाका, पडलेल्या दानात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवा, बेरीज मास्टरने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, की काम फत्ते. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०.

नियम इतका सुटसुटीत आहे, की तो वाटेल तिथे वापरला जातो, आणि खेळ तिथेच रेंगाळतो. अपयशाने गोष्टीत काय बदलेल हे सांगता येत नसेल, तर फासा टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कौशल्याचा आकडा शून्य असलेले पात्र १५ चे कुलूप उघडू पाहते, तेव्हा यशाची शक्यता ३० टक्के असते. पण फसण्याची काही किंमतच नसेल, तर खेळाडू पुन्हा फासा उचलतो. तीन प्रयत्नांत शक्यता ६६ टक्क्यांवर जाते, दहा प्रयत्नांत ९७ वर. मग दानाला अर्थ काय उरला? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे ओळखले होते. धोका नसेल आणि सवड असेल, तर वीसच पडले असे धरायचे आणि वीसपट वेळ गेला असे मानायचे. ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील'ने दुसरी वाट धरली: एकदा पडलेले दान परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम. पुन्हापुन्हा फासा टाकण्याची सोय दोघांनीही काढून घेतली. रहस्यकथेत तर चुकलेले एक दान सगळी गोष्टच अडवून ठेवते. पुरावा सापडला नाही, तर पुढे जायचे कसे? म्हणून रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीत योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी शोधू लागले, की कळीचा पुरावा मिळतोच. खरा कस तो सापडण्यात नसतो, त्याचा अर्थ लावण्यात असतो. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये साध्या दोन फाशांची बेरीज ७ ते ९ आली, तर काम होते, पण काहीतरी मोजून. कौशल्याची भर नसताना हे दान ३६ पैकी १५ वेळा पडते. म्हणजे खेळाचा मोठा भाग यश आणि अपयश यांच्या मधल्या, सर्वांत रंगतदार पट्ट्यात जातो.

यावर आक्षेप असा, की फासा केव्हा टाकायचा हे मास्टरच ठरवणार असेल, तर मनमानी होईल; फासा निदान पक्षपात तरी करत नाही. पण १५ ऐवजी २५ सांगण्याचा अधिकार मास्टरकडे आधीपासून आहेच. अपयशाची किंमत आधीच उघड सांगायला लावली, तर त्या अधिकाराला लगाम बसतो. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: अनपेक्षित फजितीतच या खेळाची गंमत आहे. खरे आहे. पण कौशल्याचा आकडा पाच असलेला तरबेज चोरसुद्धा १० च्या सोप्या कुलपाशी पाचातून एकदा फसतो. पहारेकऱ्यांची पावले जवळ येत असताना तो फसला, तर टेबलाभोवती श्वास रोखले जातात. निवांत दुपारी, कुणी पाहत नसताना फसला, तर खेळाडूने जिवापाड घडवलेले पात्र उगाच अडाणी ठरते.

म्हणून खेळ चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: फासा टाकायला सांगण्याआधी जमले तर काय होईल आणि नाही जमले तर काय होईल, ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणा. दुसरे वाक्य सुचत नसेल, तर कुलूप उघडले म्हणून सांगा आणि दारापलीकडे काय आहे त्याचे वर्णन सुरू करा.