हैदराबादची गाडी, नांदेडचा मालक : कागदावर कोण?

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर तेलंगणा पासिंगच्या भारी गाड्या दिसणं काही नवीन नाही. देगलूरच्या पुढं तेलंगणा, उदगीर-निलंग्याच्या पलीकडं कर्नाटक. हैदराबादेत सेकंडहँड स्पोर्ट्स कार इकडच्यापेक्षा चांगल्या हालतीत अन् जमेल त्या भावात मिळते. पोरं हौसेनं आणतात. आणावी की! पण आणल्यावर बरेच जण एकच वाक्य ऐकवतात, "एक वर्ष तशीच चालते."

मित्रांनो, हा गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मधले १२ महिने हे गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर नवा नंबर घेण्यासाठी आहेत. मालक बदलला की कलम ५० लागतं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं. विकणारा परराज्यातला असेल तर त्यानं ४५ दिवसांत मूळ आरटीओची एनओसी द्यायची.

"पकडलं तर दंड भरू" म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावर. ती गाडी तर हातोहात विकली गेली होती, तरी पहिलाच मालक अडकला. म्हणजे गाडी तुम्ही उडवणार, अन् नोटीस हैदराबादच्या माणसाला. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं भरपाईसाठी परराज्यात मालक शोधत फिरायचं? खरा प्रश्न हा आहे.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात दोघांचा जीव घेणारी पोर्शे आठवा. बंगळुरूहून तात्पुरत्या नोंदणीवर आलेली. गाडी कोटीच्या घरातली, अन् कायम नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिलेले!

म्हणून व्यवहार करताना क्रम पाळा. आधी बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलन बाकी आहे का ते बघा. मग नमुना २८ ची एनओसी. ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथं आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स भरा, नवा नंबर घ्या, विमाही नावावर करा.

सरकारचीही चूक आहेच. तिकडं आयुष्यभराचा टॅक्स भरलेल्या गाडीला इथं पुन्हा टॅक्स, आणि तिकडचा परतावा मिळवायला वेगळी पायपीट. दोन राज्यांनी आपसात हिशोब करायला काय हरकत आहे? आपल्या आमदार-खासदारांनी हे मांडायला पाहिजे. सीमेवरचे जिल्हे आपले आहेत, त्रास आपल्यालाच जास्त.

पण तोवर गाडी नावावर न करता फिरवणं ही हुशारी नाही. तो दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेला फास आहे.

पटलं तर पुढं पाठवा.