आयत्या बिळावरचे नागोबा

डिपार्टमेंटल लायब्ररीतलं प्रोजेक्ट रिपोर्टांचं कपाट आपण सगळ्यांनी पाहिलंय. काळं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत आईवडिलांपासून लॅब असिस्टंट मामांपर्यंत सगळ्यांचे आभार आणि पाचव्या प्रकरणात एक झकास ग्राफ. आता त्या ग्राफमागची मूळ रीडिंग्ज शोधा बरं! ती सापडत नाहीत. ती कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये होती आणि तो पेनड्राइव्ह मालकाबरोबर नोकरीच्या गावाला गेला. पुढच्या वर्षीची बॅच तेच क्यूब पुन्हा टाकते, तेच मशीन पुन्हा अडवून बसते.

माझं म्हणणं सरळ आहे. संशोधनातला कच्चा डेटा, म्हणजे नुसता निष्कर्ष नव्हे तर मोजलेले आकडे, सगळ्यांसाठी खुला असावा. आणि सगळ्यांसाठी म्हणजे फक्त आपल्या ब्रँचसाठी नाही. सिव्हिलचा डेटा कम्प्युटरवाल्याला मिळावा, मेकॅनिकलचा इलेक्ट्रिकलवाल्याला, आणि वाटल्यास दुसऱ्या गावातल्या बीएस्सीच्या मुलीलाही.

यावर पहिला आक्षेप मेसच्या टेबलावरच येतो. ‘उन्हात उभं राहून आम्ही मोजायचं, आणि एसीत बसून पेपर त्यांनी छापायचा?’ हा आक्षेप काही आपल्या होस्टेलपुरता नाही. जानेवारी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या अत्यंत वजनदार वैद्यकीय नियतकालिकाच्या दोन संपादकांनी, डॅन लाँगो आणि जेफ्री ड्रेझन यांनी, अग्रलेखात हीच भीती मांडली. दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना काही संशोधक ‘रिसर्च पॅरासाइट’ म्हणतात, असं त्यांनी लिहिलं. आपल्या भाषेत, आयत्या बिळावरचे नागोबा. त्यावरून मोठा गदारोळ झाला. गंमत म्हणजे त्यातूनच ‘रिसर्च पॅरासाइट अवॉर्ड’ नावाचं बक्षीस निघालं. दुसऱ्याच्या डेटातून मूळ मालकाला न सुचलेलं काही काढून दाखवणाऱ्यांना ते खरोखरच दिलं जातं.

आता जरा आपल्याच अंगणात पाहू. मशीन लर्निंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या वाट्याला येतं ते आयरिस. तीन जातींची १५० फुलं, प्रत्येकाची चार मापं. ती गोळा केली एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं, आणि १९३६ मध्ये वापरली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं. आयुष्यात आयरिसचं फूल न पाहिलेली लाखो मुलं त्या आकड्यांवर क्लासिफिकेशन शिकली. सिव्हिलचं उदाहरण घ्या. तैवानमधल्या आय-चेंग ये यांनी १९९८ च्या पेपरात काँक्रीटच्या स्ट्रेंथचा अंदाज न्यूरल नेटवर्कनं बांधला आणि पुढे १०३० नमुन्यांचा तो डेटा खुला केला. सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, पाणी, खडी, वाळू, किती दिवसांचा क्यूब, सगळं त्यात आहे. ज्यानं कधी क्यूब भरला नाही, टँपिंग रॉड हातात धरला नाही, तो कम्प्युटरवाला त्यावर आज प्रोजेक्ट करतो. मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये. बेअरिंग फॉल्टच्या प्रोजेक्टांत फिरून फिरून येणारा डेटा अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा असतो. त्यांनी बेअरिंगमध्ये मुद्दाम ठरावीक मापाचे दोष पाडले, मोटर चालवली, व्हायब्रेशन नोंदवलं आणि फाइली जगापुढे ठेवल्या.

म्हणजे आपण सगळे आधीपासूनच नागोबा आहोत! फक्त आपण बिळं खणून दुसऱ्यासाठी सोडत नाही, एवढंच.

डेटा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण प्रोटीनचं. १९७१ मध्ये ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या. एकेक रचना काढायला माणसांची वर्षं जात. तरी लोक जमा करत राहिले, आणि पुढे जर्नल्सनी नियमच केला की रचना जमा करा, मगच पेपर. आज तिथं दोन लाखांहून जास्त रचना आहेत. त्यांच्यावर शिकूनच ‘अल्फाफोल्ड’ तयार झालं, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. हसाबिस मूळचा कम्प्युटर सायन्सचा. पन्नास वर्षं क्रिस्टल वाढवणाऱ्यांनी आकडे टेबलाच्या खणात ठेवले असते, तर त्याच्या प्रोग्रॅमनं काय चाटलं असतं?

दुसरं उदाहरण उपग्रहाचं. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा. पुढे त्याच्या चित्रांना पैसे पडू लागले. लँडसॅट-७ च्या एका चित्राला ६०० डॉलर! २००८ मध्ये सगळा साठा फुकट केला. आधी वर्षाला फार तर पंचवीसेक हजार चित्रं खपायची, ती मोफत झाल्यावर साधारण वर्षभरात दहा लाख उतरवली गेली. चित्रं तीच, उपग्रह तेच. फक्त कुलूप काढलं, आणि शेतीवाले, जंगलवाले, पाणीवाले, शहरांची वाढ मोजणारे सगळे आत आले. करोनाचं तर आपण भोगलंच आहे. ११ जानेवारी २०२० ला त्या विषाणूचा जीनोम खुला झाला आणि दोनच दिवसांत मॉडर्नाच्या लसीचा आराखडा ठरला. विषाणूचा नमुना हातात न घेता!

खुल्या डेटाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो ऐकून काही जण गप्प बसतील. डेटा उघडा असला की चूक सापडते. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की, देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ कोसळते. त्यांच्या हिशोबात ती सरासरी उणे ०.१ टक्का होती. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांसाठी या पेपरचा दाखला दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी क्लासची असाइनमेंट म्हणून तेच गणित करून पाहत होता. उत्तर काही जुळेना. त्यानं मूळ एक्सेल फाइल मागितली, आणि ती त्याला मिळाली, हे महत्त्वाचं. सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षांचे आकडे गाळलेले होते आणि सरासरी काढायची पद्धतही वादाची होती. सगळं धरून हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, पण निष्कर्ष सोडला नाही. तो वाद अर्थशास्त्रवाल्यांवर सोपवू. मुद्दा असा की, एका विद्यार्थ्याला हे करता आलं, कारण फाइल मिळाली.

आता आपल्या जर्नलांकडे वळू. ‘रीडिंग बसवणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आधी ग्राफ काढायचा, मग त्यावरून टेबल भरायचं! प्रोजेक्टचा डेटा पुढच्या बॅचच्या हातात पडणार हे माहीत असेल, तर बसवायला जरा हात थरथरेल. मला तर वाटतं, हा एकच फायदा झाला तरी पुरे.

आपल्या देशात सगळा अंधार आहे असं नाही. खोडदच्या जीएमआरटीच्या ३० अँटेनांनी घेतलेली निरीक्षणं १८ महिने ज्याची त्याला राखीव असतात, मग सगळ्यांना खुली होतात. हवामान खात्याचं पुणे ऑफिस १९०१ पासूनचा देशाचा दैनंदिन पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मोफत देतं. केंद्र सरकारनं डेटा खुला करायचं धोरण २०१२ मध्येच आणलं. पण कितीतरी आकडेवारी अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकलेली असते. ती वाचता येते, वापरता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स मिळू लागली, हे उत्तमच. पण पेपर मिळाला म्हणजे डेटा मिळाला असं नाही. जेवणाचा फोटो आणि जेवण यात जेवढा फरक, तेवढाच इथं.

सगळंच उघडं करा, असं मात्र मी म्हणत नाही. पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. नाव खोडलं तरी गाव, वय आणि आजार यांवरून माणूस ओळखू येतो, लहान गावात तर हमखास. दुसरं, हळदीची गोष्ट विसरू नका. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचं जे डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, ते पेटंट ऑफिसांना दाखवलं तेही अटी घालून. आदिवासी पाड्यावरच्या वैदूकडून लिहून घेतलेली माहिती ही आपली नव्हे, त्याची आहे. ती खुली करायची की नाही, हे त्यानं ठरवायचं. आणि मेसच्या टेबलावरचा आक्षेपही अगदीच खोटा नाही. मोजणाऱ्याला पहिला हक्क मिळालाच पाहिजे. पण त्याचं उत्तर जीएमआरटीनं देऊन ठेवलंय. ठरावीक मुदतीपर्यंत तुमचं, नंतर सगळ्यांचं.

आणि फाइल टाकून दिली म्हणजे डेटा दिला असंही नाही. दुसऱ्या ब्रँचच्या माणसाला ती कळली पाहिजे. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळापाशी गेलं आणि हरवलं. कारण एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंड-फोर्समध्ये होते, आणि वापरणाऱ्यांनी ते न्यूटनमध्ये धरले. साडेचार पटींचा फरक! एक्सेलनं तर ‘मार्च-वन’ आणि ‘सेप्ट-वन’ नावाच्या जीन्सच्या तारखा करून टाकल्या. शेवटी २०२० मध्ये नावं देणाऱ्या समितीनं जीन्सचीच नावं बदलली. तेव्हा युनिट, इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट, कॅलिब्रेशनची तारीख, कुठलं रीडिंग का गाळलं, हे साध्या भाषेत लिहिलेलं एक पान फाइलीसोबत हवंच.

यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. सर्न या संस्थेनं २०१३ पासून चालवलेल्या झेनोडोवर डेटा फुकट ठेवता येतो आणि त्याला डीओआय नंबर मिळतो. कुणी तुमचा डेटा वापरला, तर तुमचं नाव सायटेशनमध्ये येतं. म्हणजे नागोबा बिळात शिरताना घरमालकाची पाटी वाचूनच शिरतो!

म्हणून एचओडी सरांना आणि प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर मॅडमना नम्र विनंती. या वर्षीपासून फायनल सबमिशनला बाइंड केलेल्या कॉपीबरोबर डेटाची सीएसव्ही फाइल आणि माहितीचं पान सक्तीचं करा. शंभरातले दहा मार्क त्याला ठेवा. फसलेल्या टेस्टची रीडिंग्जही घ्या, त्याबद्दल मार्क कापू नका, कारण काय चालत नाही हे कळायलाही पुढच्या बॅचचं एक सेमिस्टर जातं. कंपनीचा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट असेल तर कंपनीची परवानगी विचारा. नाही म्हणाली तर सोडा, पण विचारा तरी.

आणि मित्रांनो, सरांच्या नोटिशीची वाट कशाला पाहायची? डेटा तुमच्या लॅपटॉपवर आहे, होस्टेलला वायफाय आहे. सबमिशन झाल्या रात्री पार्टीला निघण्याआधी अर्धा तास काढा, एवढंच.