हात काळे झाले तर बिघडलं कुठे?

मंडळी, दसऱ्याला रीडिंगमधल्या आपल्या घरांपुढे दरवर्षी एकच देखावा असतो. ड्राइव्हवेवर गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि कुठून कुठून शोधून आणलेल्या झेंडूची माळ. मीही हे सगळं हौसेनं करतो. माझी तक्रार आहे ती वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल.

गेल्या वर्षी मुलीनं १२५ सीसीची जुनी मोटारसायकल घेतली. टाइलहर्स्टहून रोज त्यावरच कामाला जाते. एकदा म्हणाली, "बाबा, पुढचा ब्रेक दाबला की स्पंज दाबल्यासारखं वाटतं. काय झालं असेल?" मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर. पास्कलचा नियम झोपेतही सांगेन! पण माझं उत्तर काय? "गॅरेजला टाक." गॅरेजनं पैसे घेतले, 'ब्रेक ऑइल बदलले' असा शिक्का मारला. लिव्हर होता तसाच. झाकण उघडून पाहिलं, तर आत चहाच्या रंगाचं तेल. त्या ब्रेकवर माझी पोर चार दिवस पावसात फिरत होती.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरल्यावर प्रमाणित मर्यादा उतरते १५५ वर. लांब उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी पुढेच जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलायचं. एम.ओ.टी. पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. तिथं ब्रेक लागतो का, गळती आहे का हे बघतात. मुरलेलं पाणी मोजत नाहीत.

आणि काम ते केवढं? आपला मिस्त्री ज्याला 'हवा काढणं' म्हणतो तेच. टाकीवर जुनं फडकं पांघरायचं, कारण हे तेल रंग खातं. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. लिव्हर दाबून धरायचा, पान्यानं निपल पाव फेरा सैल करायचं, तेल आलं की आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. वरची डबी मात्र कधी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते. मोटारीला पेडल दाबायला दुसरं माणूस लागतं. इथं एक हात लिव्हरवर, एक पान्यावर. एकट्याचं काम!

"अहो, ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ!" असं कुणी म्हणेल. अगदी खरं. म्हणूनच गाडीचं मॅन्युअल वाचा, त्यात सांगितलेलंच तेल घाला, आणि लिव्हर घट्ट झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. ए.बी.एस.च्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर जाणकाराकडेच न्या. पण जाणकारानं काम केलं की नाही, हे ओळखण्याइतकं तरी आपल्याला यायला नको का?

खरं दुखणं वेगळंच आहे. पेन धरणारा मोठा आणि पाना धरणारा लहान, हे आपण सामानाबरोबर इथं घेऊन आलो. चेतक आडवी करून किक मारणं, ब्रेकची केबल ताणणं, एवढ्यावर आपली पिढी थांबली. बाकीचं कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचं. आज चाकणला बनलेल्या ४०० सीसीच्या ट्रायम्फ इंग्लंडमध्ये विकल्या जातात, त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण ज्या हातांनी त्या बनवल्या, त्या हातांसारखं काम आपल्या मुलांनी करावं असं किती जणांना वाटतं?

आम्ही दोघांनी एका शनिवारी दुपारी ते काम केलं. पाना तिच्या हातात, मॅन्युअल माझ्या. लिव्हर दगडासारखा घट्ट झाला, तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, "बाबा, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं नाही?"

तेव्हा मंडळी, यंदा झेंडूची माळ जरूर घाला. पण आदल्या शनिवारी ती डबी उघडून तेलाचा रंग बघा, आणि शेजारी मुलांना उभं करा. हातांचे डाग साबणानं जातात.