विश्लेषण : ‘व्हीएआर’ आले तरी फुटबॉलमधले वाद का संपत नाहीत?

कळंबमध्ये मोबाइलवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) सामना पाहणाऱ्याला वादग्रस्त गोल काही सेकंदांत पुन्हा दिसतो. मैदानावरच्या पंचाला मात्र तो दिसत नाही. २०१४मध्ये सुरू झालेल्या या लीगने इतके हंगाम ‘व्हिडीओ साहाय्यक पंच’ म्हणजेच ‘व्हीएआर’शिवाय काढले. पंच चुकला की ‘व्हीएआर आणा’ अशी ओरड होते. मागणी रास्त आहे, पण तेवढ्याने वाद मिटतील ही समजूत भाबडी आहे.

महाराष्ट्रात ‘व्हीएआर’ वापरले गेले आहे का?

हो. २०२२ची महिला आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, तेव्हा उपांत्यपूर्व फेरीपासून ‘व्हीएआर’ होते. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला मध्यंतराआधीची पेनल्टी या तपासणीनंतरच मिळाली. (सामना मात्र चीनने ३-२ असा जिंकला.) म्हणजे आपल्या मैदानांना हे तंत्र नवे नाही. प्रश्न प्रत्येक सामन्याला लागणाऱ्या कॅमेऱ्यांचा, प्रशिक्षित पंचांचा आणि खर्चाचा आहे.

मग अडते कुठे?

२०१८मध्ये नियमांत आलेले ‘व्हीएआर’ गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड एवढेच तपासते. तेही पंचाची चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच. उघड म्हणजे किती उघड, हे पुन्हा माणूसच ठरवतो.

क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर, १९९२च्या डर्बन कसोटीत. तिथे निवाड्याला क्रीजची रेषा होती. फुटबॉलमध्ये हाताला लागलेला चेंडू किंवा पायात पाय घालणे याला अशी रेषा नसते. दृश्य दहा वेळा संथ करून पाहिले, तर साधी धडकही दांडगाई वाटू लागते!

बंगळूरुमध्ये ३ मार्च २०२३ रोजी काय झाले?

बाद फेरीच्या लढतीत सुनील छेत्रीने केरळा ब्लास्टर्सची बचावाची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक घेऊन गोल केला. पंचांनी तो मान्य करताच ब्लास्टर्सने मैदान सोडले. संघाला चार कोटींचा दंड झाला. या प्रसंगानंतर ‘व्हीएआर’ची मागणी वाढली. गंमत अशी, की फ्री किक घाईने घेऊ द्यायची की नाही, हा ‘व्हीएआर’च्या कक्षेतला मुद्दाच नव्हता.

यंत्रणा असूनही चूक होते का?

सप्टेंबर २०२३मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा वैध गोल ऑफसाइड ठरला. कॅमेऱ्याने बरोबर दाखवले होते. मैदानावरचा निर्णय ‘गोल’च आहे, असा खोलीतल्या पंचांचा गैरसमज झाला. चूक कळेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता. तरीही २०२४मध्ये ‘व्हीएआर’ बंद करण्याचा वुल्व्ह्जचा प्रस्ताव प्रीमियर लीगच्या क्लबांनी १९-१ने फेटाळला. सवय लागली की सुटत नाही.

भारतासाठी पर्याय कोणता?

‘फिफा’ने २०२४मध्ये मुलींच्या विश्वचषकांत स्वस्त पद्धत आजमावली. त्यात वेगळा व्हिडीओ पंच नसतो. प्रशिक्षक क्रिकेटच्या ‘डीआरएस’सारखी दाद मागतो आणि मैदानावरचा पंच स्वतः पडद्यावर पाहून ठरवतो. मोजक्या कॅमेऱ्यांवर भागते. आयएसएलला महागड्या पूर्ण ‘व्हीएआर’ची वाट पाहत बसण्यापेक्षा हे जमण्यासारखे आहे. त्यासोबत निर्णय का बदलला, हे पंचांनी ध्वनिक्षेपकावर सांगावे. स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलेल्याला ते आज मोबाइलवर शोधावे लागते.