‘आय-सेव्हन’चं स्टिकर लावून शेतकऱ्याच्या पोराला किती दिवस गंडवणार?

काही दुकानदार मित्र नाराज होतील. होऊ द्या, बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं.

नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कुठंही जा. दुकानाच्या काचेवर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच जाहिरात : ‘गेमिंग पीसी. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड.’ कॅबिनेटला काचेचा दरवाजा, आत चार रंगीत पंखे लुकलुकतायत. पोरगं खूश, पोरगं खूश म्हणून बाप खूश. कांद्याच्या नाहीतर दुधाच्या पैशातून नोटा मोजून दिल्या जातात.

आय-सेव्हन खरा, पण कुठला? ते जाहिरातीत कधीच नसतं. मी जे डबे उघडून पाहिले, त्यांत निघाला ३७७० नाहीतर २६००. यातला २६०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये आणि ३७७० एप्रिल २०१२ मध्ये. ज्या पोरासाठी घेताय, ते तेव्हा अंगणवाडीत असेल. कुठल्यातरी ऑफिसातून जुन्यात निघालेला प्रोसेसर नव्या कॅबिनेटात बसवला, पंखे लावले, झाला गेमिंग पीसी. जुना माल विकणं हा गुन्हा नाही. जुना आहे हे न सांगता विकणं ही फसवणूक आहे, आणि ती उघड चाललीय.

बैल घेताना दात बघणारी माणसं आपण. जुना ट्रॅक्टर घेताना साल विचारतो, आरसी बघतो. मग इथंच तोंडाला कुलूप का? इंटेलचं कोष्टक अवघड नाही. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती इयत्ता आहे. कुठल्या वर्षाचा हे पुढच्या आकड्यावरून कळतं. जानेवारी २०२२ मध्ये आलेला साधा आय-थ्री १२१००एफ त्या ३७७०ला आरामात मागे टाकतो. दोघांनाही चारच कोर, पण मधली दहा वर्षं काय फुकट गेली का? वर आणखी एक गोची. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. ३७७० आहे तिसऱ्या पिढीचा. दुकानदार जुगाड करून विंडोज ११ टाकूनही देतो. पण त्यावर व्हॅलोरंट चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, तिथं गाडी अडते. मग पोरगं दुकानात चकरा मारतं आणि उत्तर मिळतं, ‘गेमचा प्रॉब्लेम आहे.’

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ची कथा वेगळी नाही. ते बहुतेक वेळा जीटी ७३० असतं. हे २०१४चं कार्ड. मेमरी ४ जीबी, पण इतकी संथ की चार काय, आठ असती तरी फरक पडला नसता. शंभर लिटरच्या टाकीला अर्ध्या इंचाचा नळ. दुसरा प्रकार म्हणजे आरएक्स ५८०, नावापुढे बारीक अक्षरात २०४८एसपी. ते प्रत्यक्षात ५७०च्या ताकदीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. ती पुसूनपासून ‘नवीन’ म्हणून विकली जातात.

आता लगेच कमेंट येणार, ‘पत्रकारसाहेब, पोरांना गेमच्या नादाला लावता का?’ हेच ते कारण, ज्यामुळं ही लूट चालते. गेमिंग म्हणजे वाया गेलेलं पोरगं, असं एकदा ठरवलं की बाप दुकानात प्रश्नच विचारत नाही. लाज वाटते म्हणून पैसे टाकतो आणि निघतो. ज्या मशीनवर गेम चालतो त्याच मशीनवर व्हिडिओ एडिटिंग, ॲनिमेशन, ऑटोकॅड चालतं. आपल्याकडच्या लग्नांचे शूटिंग करणारे अर्धे पोरं असल्याच मशीनवर पोट भरतायत. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत घेतले, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली. रमी वेगळी, व्हॅलोरंट वेगळा. (सभागृहातल्या रमीचा तो व्हिडिओ आठवतोय ना? मंत्र्यांनी आरोप नाकारला, कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा. असो.)

मग घ्यायचं काय? यूट्यूबवरची मंडळी दिल्लीच्या नेहरू प्लेसचे नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचे भाव सांगतात आणि खाली लिंक देतात. आपला हिशोब आपण करू.

चाळीस हजारांच्या आत, मॉनिटर सोडून बसवायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी घ्या, सहा कोरचा आहे आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून नीट चालतात. फक्त रॅम १६ची एक पट्टी न घेता ८च्या दोन घ्या. असल्या प्रोसेसरला ग्राफिक्ससाठी रॅमच वापरावी लागते, दोन पट्ट्यांनी रस्ता दुपदरी होतो. पुढं पैसे आले की कार्ड टाकता येतं.

साठ-सत्तर हजार असतील तर आय-फाइव्ह १२४००एफ नाहीतर रायझन ५ ५६००, आणि उरलेल्यातला मोठा वाटा कार्डाला. आरएक्स ६६०० स्वस्तात मिळालं तर सोडू नका. आरटीएक्स ३०५० घेताना डोळे उघडे ठेवा. ६ जीबीवालं आणि ८ जीबीवालं ही दोन वेगळी कार्डं आहेत, ६वालं ताकदीलाही कमी. आणि नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

लाखाच्या पुढं जाणाऱ्यांना मी काय सांगणार, पण एएम५ बोर्ड घ्या, एएमडीने २०२७पर्यंत तरी तो चालवायचा शब्द दिलाय. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हीत येतं, बिलावर १६ लिहून घ्या. आणि लाखाच्या मशीनला ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर जोडू नका हो.

यूट्यूबवाले जे सांगत नाहीत ते आपल्या लाईटीचं. नेवाशाला, पाथर्डीला, गावात संध्याकाळी व्होल्टेज कुठं असतं ते तुम्हाला माहीत आहे. असल्या लाईटीवर कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस म्हणजे घरात ठेवलेला सुतळी बॉम्ब. तो एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. प्रोसेसरवर मार्जिन राहत नाही, असं दुकानदारच सांगतात. मग कमाई निघते एसएमपीएस आणि कॅबिनेटमधून. पंख्यांचे दीड हजार वाचवा आणि ब्रॉन्झ रेटिंगचा नावाजलेला एसएमपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर पहिली दोन्ही मशीन फाइल सेव्ह करून बंद करण्याइतकी तग धरतात. आणि त्याआधी अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॉम्प्युटरवाल्याला नको, वायरमनला बोलवा.

भाव सध्या पेटलेत, हे खरं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली, रॅम वर्षभरात दुपटीच्या पुढं गेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. दुकानदाराचा यात दोष नाही, रॅम महाग म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका. पण महागाईचं निमित्त करून ‘बिल नको, १८ टक्के वाचतील’ म्हणाला तर तिथून उठा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि भांडायला कागदही नाही. बिलावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर पाहिजे. प्रोसेसर खोक्यासह घ्या. सुटा येतो त्याला ‘ट्रे’ म्हणतात, त्यावर कंपनीची थेट वॉरंटी नसते.

फसला असाल तर १९१५ला फोन लावा. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, माल मुंबईहून मागवलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

व्यापारी मंडळींना एकच मागणी. जाहिरातीत ‘आय-सेव्हन’च्या पुढचा आकडा लिहा आणि जुना पार्ट असेल तर ‘जुना’ लिहा. चांगले दुकानदार आपल्या गावात आहेत, ते आजही लिहितात आणि त्यांचंच गिऱ्हाईक तुटतं.

ज्यांना कोटेशन मिळालंय त्यांनी दुकानाचं नाव झाकून फोटो इनबॉक्सला टाका. भाव योग्य की अयोग्य यात मी पडणार नाही. कुठला पार्ट कुठल्या साली आला, ते शोधून सांगतो.